अमेरिकेत शहराच्या जुन्या भागातली इमारत घेताय? हिस्टॉरिक टॅक्स क्रेडिटची वाट, पहिल्या पायरीपासून

सेंट लुईस शहराची लोकसंख्या १९५० साली साडेआठ लाखांच्या वर होती. २०२० च्या जनगणनेत ती जेमतेम तीन लाख भरली. बाल्टिमोर त्याच काळात साडेनऊ लाखांजवळून पाच लाख पंच्याऐंशी हजारांवर आलं. कारखाने बंद पडले, वस्त्या चिरत महामार्ग गेले, ज्यांना जमलं ते उपनगरांत राहायला गेले. शहराच्या मधोमध मागे उरल्या त्या विटांच्या भक्कम इमारती. बुटांची गोदामं, कपड्यांचे कारखाने, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी तीनमजली घरं. यातल्या कितीतरी आजही विक्रीला आहेत. भाड्याने द्यायला दुसरी प्रॉपर्टी शोधणारे आपले मराठी लोक हिंडत हिंडत याच गल्ल्यांत येऊन थांबतात. किंमत पाहून उत्साह वाटतो आणि दुरुस्तीचा अंदाज ऐकला की पाय मागे येतो. मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला मला हमखास विचारलं जातं, "त्या जुन्या इमारतींवर सरकार काहीतरी टॅक्समध्ये देतं म्हणे, ते नक्की काय आहे?" हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. अगदी नवख्या माणसासाठी, आणि कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने.

आधी थोडक्यात. अमेरिकेचं केंद्र सरकार ऐतिहासिक म्हणून प्रमाणित झालेल्या इमारतीच्या दुरुस्तीवर, पात्र खर्चाच्या २० टक्के इतकं क्रेडिट इन्कम टॅक्समध्ये देतं. कायद्यात हे कलम ४७ मध्ये आहे. डिडक्शन तुमच्या उत्पन्नातून वजा होतं, क्रेडिट थेट भरायच्या करातून वजा होतं, म्हणून याची ताकद मोठी. २०१७ च्या कर कायद्यानंतर हे क्रेडिट एकरकमी मिळत नाही. इमारत वापरात आल्याच्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत, म्हणजे दरवर्षी ४ टक्के असं मिळतं. त्याच कायद्याने १९३६ पूर्वीच्या पण ऐतिहासिक नसलेल्या इमारतींचं १० टक्क्यांचं क्रेडिट रद्द केलं. इंटरनेटवर अजून त्याची माहिती सापडते, तिच्यावर विसंबू नका.

हे क्रेडिट का आलं ते समजलं की पुढचे सगळे नियम पटतात. १९७६ पूर्वीचा कर कायदा जुन्या इमारतींच्या मुळावर होता. नवं बांधलं तर डेप्रिसिएशन, म्हणजे घसाऱ्याची वजावट, भराभर मिळायचं आणि जुनं पाडण्याचा खर्चही करातून वजा करता यायचा. साहजिकच मालक पाडायचे आणि मोकळ्या जागेवर पार्किंग लॉट करायचे. १९७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ऐतिहासिक इमारत पाडण्याच्या खर्चाची वजावट बंद केली आणि दुरुस्तीला सवलत दिली. १९८१ मध्ये सवलत वाढली, १९८६ मध्ये आजचा २० टक्क्यांचा आकडा ठरला. तेव्हापासून चाळीस हजारांहून जास्त इमारती या वाटेने उभ्या राहिल्या आहेत. सेंट लुईसचं युनियन स्टेशन, अटलांटातलं सिअर्सचं १९२६ चं प्रचंड गोदाम म्हणजे आजचं पॉन्स सिटी मार्केट, पूर्व बाल्टिमोरमधली १८८७ ची अमेरिकन ब्रुअरी, ही सगळी याच यादीतली. ही ब्रुअरी कित्येक वर्षं ओसाड होती. २००९ मध्ये तिथे एका सेवाभावी संस्थेचं कार्यालय आलं आणि त्या रस्त्यावर दिवे लागले.

मुंबईत वाढलेल्या वाचकाला इथला फरक लगेच जाणवेल. गिरगाव-परळच्या उपकरप्राप्त चाळींना जादा एफएसआय मिळतो तो जुनं पाडून नवं बांधण्यासाठी. इथे पैसे मिळतात ते न पाडण्यासाठी. त्यामुळे बिल्डरची नेहमीची बुद्धी इथे चालत नाही. इमारतीचं रूप जपणं ही अट आहे आणि त्या अटीवरच सगळी रक्कम अवलंबून आहे.

पायरी पहिली: इमारत बसते का ते बघा

ऑफर देण्याआधी हे करायचं. दोन गोष्टी लागतात. एक, इमारत नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेसमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, स्वतंत्रपणे नोंदलेली हवी, किंवा नोंदणीकृत ऐतिहासिक डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे जिल्ह्यात नव्हे, शहरातल्या ठरावीक हद्दीच्या वस्तीत) असून त्या डिस्ट्रिक्टच्या महत्त्वात भर घालणारी ठरायला हवी. दोन, ती उत्पन्न देणारी हवी. भाड्याची घरं, दुकान, ऑफिस, कारखाना, हॉटेल, काहीही चालेल. स्वतः राहायचं घर चालत नाही. तिनांपैकी एका मजल्यावर स्वतः राहून बाकीचे भाड्याने दिलेत, तर भाड्याच्या हिश्श्यापुरता विचार होऊ शकतो. पण ती वाटणी सीपीएकडूनच, म्हणजे परवानाधारक अकाउंटंटकडूनच, करून घ्या.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: शहराने घोषित केलेला लोकल हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट आणि नॅशनल रजिस्टरचा डिस्ट्रिक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी दोघांच्या हद्दी जुळतात, कधी मधूनच एखादा रस्ता सुटतो. रिअल इस्टेट एजंट "हिस्टॉरिक आहे" एवढंच सांगतो. तुम्ही थेट राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसला पत्ता पाठवून विचारा. प्रत्येक राज्यात हे ऑफिस असतं, सगळे त्याला शिपो म्हणतात, आणि विचारायला पैसे पडत नाहीत. डिस्ट्रिक्टच्या मूळ नोंदणीच्या कागदात एकेका इमारतीची यादी असते. तिथे तुमच्या पत्त्यासमोर 'कॉन्ट्रिब्युटिंग' आहे की 'नॉन-कॉन्ट्रिब्युटिंग' ते बघा.

नॉन-कॉन्ट्रिब्युटिंग दिसलं म्हणून लगेच निराश होऊ नका. १९५०-६० च्या दशकांत कित्येक दुकानदारांनी दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून इमारत 'मॉडर्न' केली. पत्र्यामागे मूळ वीट, कमानी, नक्षीची कॉर्निस शाबूत असेल, तर पत्रा काढल्यावर दर्जा बदलू शकतो. एक कोपरा उचकटून आत काय आहे त्याचे फोटो शिपोला दाखवा आणि मग निर्णय घ्या.

पायरी दुसरी: हे क्रेडिट तुम्हाला वापरता येईल का

ही पायरी माहितीपत्रकांत दोन ओळींत उरकलेली असते. आपल्यासारख्या पगारदार लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

भाड्याचं उत्पन्न अमेरिकेच्या कर कायद्यात 'पॅसिव्ह', म्हणजे स्वतः न राबता आलेलं, समजलं जातं. पॅसिव्ह कामातून आलेलं क्रेडिट पॅसिव्ह उत्पन्नावरच्या करातच वळवता येतं, पगारावरच्या करात नाही. याला एक छोटी खिडकी आहे. २५,००० डॉलरच्या वजावटीवर जितका कर वाचला असता तितकं क्रेडिट पगारावरच्या कराविरुद्ध वापरता येतं. २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ते वर्षाला जास्तीत जास्त ५,५०० डॉलर होतात, आणि त्याच खिडकीतून आधी भाड्याचा तोटा गेलेला असेल तर त्याहून कमी. या क्रेडिटच्या बाबतीत समायोजित एकूण उत्पन्न २ लाख डॉलरच्या पुढे गेलं की ही खिडकी बंद व्हायला लागते आणि अडीच लाखांवर पूर्ण बंद होते.

म्हणजे नवरा-बायको दोघंही आयटीत आणि घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल, तर कागदावर मिळालेलं क्रेडिट पगारावरच्या कराला लागणारच नाही. ते वाया जात नाही, पुढच्या वर्षांत ओढता येतं आणि इतर भाड्याचा नफा असेल तर त्यावरच्या करात वापरता येतं. पण ज्या पैशाच्या भरवशावर कर्ज काढलंत तो पैसा वेळेवर हाती येत नाही. दोघांपैकी एकाचं मुख्य काम खरोखरच रिअल इस्टेट असेल, वर्षाला ७५० तासांहून जास्त आणि एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त, आणि त्या इमारतीच्या कामात त्याचा प्रत्यक्ष सहभाग असेल, तर नियम बदलतात. तासांची नोंद रोजच्या रोज ठेवावी लागते. ऑडिट आलं की वर्षअखेरीला आठवून भरलेली वही टिकत नाही. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असाल, तर प्रॉपर्टीची मालकी वेगळी आणि तिचं रोजचं काम स्वतः करणं वेगळं. याबाबत इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोठ्या प्रकल्पांत मालक एखाद्या बँकेला किंवा कंपनीला भागीदार करून घेतो. क्रेडिट त्यांना मिळतं, रोख रक्कम इमारतीत येते. केंद्राचं क्रेडिट थेट विकता येत नाही, म्हणून हा भागीदारीचा मार्ग. वकील आणि अकाउंटंटचा खर्च इतका असतो की तीनमजली घरासाठी तो परवडत नाही.

माझं स्पष्ट मत: सीपीएने तुमचं मागच्या वर्षीचं रिटर्न समोर ठेवून "दरवर्षी तुम्ही इतकं क्रेडिट खरंच वापराल" असा आकडा लिहून दिल्याशिवाय इमारतीवर ऑफर टाकू नये. आणि सीपीए असा निवडा, ज्याने या क्रेडिटचा फॉर्म ३४६८ पूर्वी भरलेला आहे. सरळ विचारा, लाज वाटायचं कारण नाही.

पायरी तिसरी: खर्च पुरेसा मोठा आहे का

रंगरंगोटीला हे क्रेडिट नाही. २४ महिन्यांच्या कालावधीत केलेला पात्र खर्च इमारतीच्या 'ॲडजस्टेड बेसिस'पेक्षा किंवा ५,००० डॉलरपेक्षा, यातलं जे मोठं असेल त्यापेक्षा जास्त असायला हवा. बेसिस म्हणजे ढोबळमानाने खरेदीची किंमत, वजा जमिनीची किंमत, वजा आतापर्यंत घेतलेलं डेप्रिसिएशन, अधिक पूर्वी केलेल्या सुधारणा.

आकड्यांत पाहू. सेंट लुईसमधल्या एका नोंदणीकृत डिस्ट्रिक्टमध्ये तुम्ही ३ लाख डॉलरला इमारत घेतली असं समजा. त्यात जमीन ६० हजारांची, म्हणजे इमारतीचा बेसिस २ लाख ४० हजार. आता २४ महिन्यांत पात्र खर्च २ लाख ४० हजारांच्या वर गेलाच पाहिजे. कॉन्ट्रॅक्टरचं एकूण बिल ३ लाख १० हजार झालं. त्यातले ३० हजार मागचं पार्किंग, कुंपण, फ्रिज आणि किचन कॅबिनेट यांचे. हे मोजत नाहीत. उरले २ लाख ८० हजार. परीक्षा पास झाली. २० टक्क्यांनी ५६ हजार डॉलर क्रेडिट, दरवर्षी ११,२०० प्रमाणे पाच वर्षं. दुसऱ्या पायरीतले ५,५०० आठवा. वापरता येणारी रक्कम आणि मिळालेली रक्कम यातली तफावत इथे डोळ्यांसमोर येते.

हेच कॉन्ट्रॅक्टरचं बिल अडीच लाख असतं आणि त्यातले ३० हजार न मोजणारे निघाले असते, तर पात्र खर्च २ लाख २० हजार होऊन संपूर्ण क्रेडिट गेलं असतं. थोडं कमी पडलं म्हणून थोडं कमी मिळतं असं इथे नाही. याउलट इमारत पंधरा-वीस वर्षं तुमच्याकडेच असेल, तर डेप्रिसिएशनमुळे बेसिस खाली आलेला असतो आणि तुलनेने लहान दुरुस्तीतही ही अट पूर्ण होते. नव्या खरेदीपेक्षा जुन्या मालकांना हा मार्ग कित्येकदा सोपा पडतो तो यामुळे.

काय मोजतात: भिंती, जमिनी, छत, खिडक्या, दारं, जिने, लिफ्ट, प्लंबिंग, वायरिंग, हीटिंग-कूलिंग, आग विझवण्याची यंत्रणा, आर्किटेक्ट आणि इंजिनिअरची फी, बांधकामाच्या काळातलं कर्जाचं व्याज. काय मोजत नाहीत: खरेदीची किंमत, इमारतीला जोडून वाढवलेला नवा भाग, पार्किंग, बाग, फुटपाथ, फर्निचर, किचनमधली उपकरणं आणि कॅबिनेट. बारकावा इथपर्यंत जातो की गालिचा डिंकाने चिकटवलेला असेल तर मोजतात, नुसता खिळ्यांनी ठोकलेला असेल तर नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्टरशी करार करतानाच बिलं दोन स्वतंत्र रकान्यांत द्यायची अट घाला. मागाहून ते वेगळं करणं फार त्रासाचं होतं.

कामं टप्प्याटप्प्याने करायची असतील तर २४ ऐवजी ६० महिने मिळू शकतात. मात्र आर्किटेक्टचे पूर्ण नकाशे आणि तपशील काम सुरू होण्याआधी तयार असायला हवेत.

पायरी चौथी: अर्जाचा भाग १

अर्जाचे तीन भाग आहेत. तिन्ही आधी शिपोकडे जातात, तिथून शेरा होऊन नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. हो, डोंगर-दऱ्यांची राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं तेच खातं शहरातल्या विटांचाही निर्णय देतं. भाग १ म्हणजे इमारतीचं ऐतिहासिक महत्त्व. थोडं वर्णन, थोडा इतिहास, नकाशा आणि फोटो. इमारत रजिस्टरवर स्वतंत्रपणे नोंदलेली असेल तर हा भाग सहसा लागत नाही. डिस्ट्रिक्टमधली असेल तर लागतो, आणि इमारत वापरात येण्याआधी तो दाखल झालेला असला पाहिजे. भाडेकरू आत गेल्यावर हा अर्ज टाकलात, तर केंद्राचं क्रेडिट गेलं.

पायरी पाचवी: भाग २, आणि हातोड्याआधी कागद

भाग २ मध्ये तुम्ही काय करणार आहात ते एकेक घटक घेऊन लिहायचं. आज काय स्थिती आहे, काय करणार, कुठल्या फोटोत दिसतं, कुठल्या नकाशात दिसतं. मंजुरीआधी काम सुरू करायला कायद्याने बंदी नाही, पण ती जोखीम पूर्णपणे तुमची. मी तर म्हणेन, भाग २ ची मंजुरी हातात येईपर्यंत फक्त छताची गळती थांबवा आणि कचरा उचला, बाकी कशालाही हात लावू नका. एकदा उखडून टाकलेलं प्लास्टर कुठलाही वकील परत लावून देऊ शकत नाही.

फोटोंची कंजुषी करू नका. प्रत्येक बाजू, प्रत्येक खोली, जिना, छत, प्रत्येक प्रकारची खिडकी आतून आणि बाहेरून. काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो अपुरे असतील तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो, आणि तोवर तोडफोड झाली असेल तर पुरावाच उरत नाही.

तपासणी होते ती सेक्रेटरी ऑफ द इंटीरियरने, म्हणजे पार्क सर्व्हिस ज्यांच्या हाताखाली येते त्या केंद्रीय मंत्र्याने, ठरवलेल्या दहा मानकांवर. भाषा सोपी आहे, वाचायला दहा मिनिटं लागतात. पण नवखे लोक अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा खिडक्या. शंभर वर्षांपूर्वीची वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी जवळून बघा. चौकटीच्या बाजूच्या पोकळीत दोरीला टांगलेली ओतीव लोखंडाची वजनं असतात, त्यांच्या तोलामुळे जड पल्ला एका बोटाने वर जातो आणि तिथेच थांबतो. दोरी तुटली की खिडकी आदळते, आणि मालक म्हणतो, "खराब झाली, बदला." बहुतेक वेळा बिघडलेली असते फक्त दोरी, आणि सडलेला असतो खालच्या चौकटीचा हातभर तुकडा. दोरी बदलता येते, सडका भाग कापून त्याच जातीचं लाकूड जोडता येतं, बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे जादा संरक्षक खिडकी, लावली की थंडीही अडते. हे लाकूड जुन्या जंगलातलं, घट्ट रेषांचं. तसं आज बाजारात मिळत नाही. त्या जागी व्हिनाइलच्या खिडक्या लावल्या तर अर्ज नामंजूर होण्याचं ते सगळ्यात परिचित कारण आहे. बदलणं अटळच असेल तर प्रत्येक खिडकीची स्थिती फोटोसह नोंदवून ते सिद्ध करावं लागतं, आणि नवी खिडकी मापाने, पट्ट्यांच्या जाडीने, काचेच्या विभागणीने मूळ खिडकीशी जुळावी लागते.

दुसरी जागा प्लास्टर. उघड्या विटांची भिंत आज सगळ्यांना हवी असते, भाडेकरूंना तर फारच. पण ज्या खोलीत मुळात प्लास्टर होतं, तिथे ते खरवडून वीट उघडी करणं म्हणजे खोलीचं मूळ रूप घालवणं. गोदामात वीट उघडीच होती, तिथे ती उघडी राहू द्या. घराच्या दिवाणखान्यात नाही. आपण आतल्या कामावर क्रेडिट मागणार नाही असं म्हणूनही सुटका नाही, कारण तपासणी सगळ्या प्रकल्पाची होते आणि मंजुरीही सगळ्या प्रकल्पाला मिळते किंवा नाकारली जाते.

तिसरी जागा विटांच्या दरजा, म्हणजे दोन विटांमधल्या सांधी. वाड्यांच्या चुन्याच्या बांधकामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच कळेल. जुनी वीट मऊ असते आणि तिच्या दरजांत चुन्याचा मसाला असतो. भिंतीतला ओलावा त्या चुन्यातून बाहेर पडतो. कॉन्ट्रॅक्टरने त्याच दरजा पोर्टलँड सिमेंटने कडक भरल्या, की ओलाव्याला वाट उरत नाही. तो विटेतच अडकतो, हिवाळ्यात गोठून फुगतो आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. सिमेंट तसंच राहतं, वीट जाते. वाळूचा मारा करून भिंत स्वच्छ करणं हेही तसंच घातक, भट्टीत भाजलेली विटेची वरची टणक कातडीच त्याने निघून जाते. पार्क सर्व्हिसच्या प्रिझर्व्हेशन ब्रीफ नावाच्या पुस्तिका फुकट मिळतात. दुसऱ्या क्रमांकाची दरजांवर आहे, सहाव्या क्रमांकाची वाळूच्या माऱ्यावर, नवव्या क्रमांकाची लाकडी खिडक्यांवर. या तीन तरी तुम्ही वाचा आणि कॉन्ट्रॅक्टरलाही द्या.

गच्चीवर एखादा मजला चढवायचा बेत असेल तर तो रस्त्यावरून दिसू नये इतका मागे घ्यावा लागतो. लहान इमारतीवर तो बहुतेक बसतच नाही.

शिपो आणि पार्क सर्व्हिस प्रत्येकी साधारण ३० दिवसांत उत्तर देण्याचा प्रयत्न करतात, अर्ज पूर्ण असेल तर. प्रश्न आले की घड्याळ थांबतं. अटींसह मंजुरी आली तर त्या अटी कॉन्ट्रॅक्टरच्या कराराला जोडा, नुसत्या तोंडी सांगू नका. नामंजूर झालं तर ३० दिवसांत अपील करता येतं.

पायरी सहावी: राज्य आणि शहर काय देतं ते जोडून घ्या

खरा फरक अनेकदा इथे पडतो. मिसूरीने १९९८ पासून आपलं २५ टक्क्यांचं क्रेडिट दिलं आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन अव्हेन्यूवरची बुटांच्या आणि कपड्यांच्या गोदामांची लॉफ्ट, म्हणजे मोकळीढाकळी राहती घरं, होऊ लागली. वरच्या उदाहरणातल्या २ लाख ८० हजारांवर राज्याचे आणखी ७० हजार होतात. मिसूरीचं क्रेडिट दुसऱ्याला विकताही येतं, म्हणून पगारदार माणसाला केंद्राच्या क्रेडिटपेक्षा ते लवकर हाती लागतं. ओहायोतही २५ टक्के आहे, पण तिथे स्पर्धा आहे, ठरावीक फेऱ्यांमध्ये अर्ज निवडले जातात. व्हर्जिनियात २५ टक्के आहे आणि स्वतःच्या राहत्या घरालाही मिळतं. मेरीलँडमध्ये राहत्या घराला २० टक्के आहे. केंद्राच्या दारातून परत आलेल्या घरमालकाने म्हणूनच आपल्या राज्याचं दार नक्की ठोठावून बघावं.

शहरं प्रॉपर्टी टॅक्समध्ये सवलत देतात. फिलाडेल्फियात दुरुस्तीमुळे वाढलेल्या मूल्यावर दहा वर्षं सूट मिळू शकते, बाल्टिमोरमध्ये ऐतिहासिक इमारतींसाठी दहा वर्षांचं क्रेडिट आहे. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, आणि बहुतेकांची अट एकच: काम सुरू होण्याआधी या. लोकल डिस्ट्रिक्टच्या मंडळाची परवानगी आणि बिल्डिंग परमिट ही आणखी वेगळी कामं. एका ऑफिसने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याने म्हटलं असं होत नाही.

२०१७ मध्ये आलेले अपॉर्च्युनिटी झोन हा निराळा प्रकार आहे. तिथे शेअर किंवा जागा विकून झालेला भांडवली नफा विशिष्ट फंडातून मागास भागात गुंतवायचा असतो. इमारत जपण्याशी त्याचा संबंध नाही. नुसत्या करबचतीसाठी आलेला पैसा कुठे जातो ते पाहता, मला स्वतःला जपणुकीची अट असलेलं क्रेडिट जास्त भरवशाचं वाटतं.

पायरी सातवी: काम चालू असताना

इमारत १९७८ पूर्वीची असेल तर रंगात शिसं असल्याचं गृहीत धरा. भाड्याच्या घरांत तो रंग उकरणारी फर्म पर्यावरण खात्याच्या नियमांनुसार प्रमाणित असायला हवी. लहान मुलांच्या रक्तात शिसं जाणं ही जन्माची हानी आहे, इथे पैसे वाचवू नका.

भिंत उघडल्यावर वेगळंच काही निघालं आणि बेत बदलावा लागला, तर आधी अर्जात दुरुस्ती पाठवा, मग काम करा. त्यासाठी अर्जाचं एक साधं दुरुस्तीपत्र असतं.

आणि इमारतीत आधीपासून कोणी राहत असेल, तर त्याच्याशी पहिल्या दिवशी बोला. या क्रेडिटमध्ये भाडेकरूला संरक्षण देणारी अट नाही. ज्या वस्तीत सगळे निघून गेल्यावरही काही कुटुंबं चिकटून राहिली, त्यांच्याच डोक्यावरून भाडं वाढत गेलं तर शहर सुधारलं कुणासाठी? कमी उत्पन्नाच्या घरांसाठी १९८६ पासून वेगळं क्रेडिट आहे आणि ते या क्रेडिटला जोडून वापरता येतं, पण ती मोठ्या संस्थांची कामं. लहान मालकाच्या हातात एवढं तर आहेच: एक-दोन मजले जुन्या माणसांना परवडतील अशा भाड्यात ठेवणं आणि ते करारात लिहिणं.

पायरी आठवी: भाग ३, फॉर्म आणि पुढची पाच वर्षं

काम संपलं की भाग २ मध्ये ज्या कोनांतून फोटो काढले होते त्याच कोनांतून पुन्हा काढा आणि भाग ३ दाखल करा. तो मंजूर झाला की इमारत प्रमाणित झाली. सीपीए फॉर्म ३४६८ भरतो, पॅसिव्ह मर्यादेचा हिशेब फॉर्म ८५८२-सीआरवर होतो. घेतलेलं क्रेडिट डेप्रिसिएशनच्या बेसिसमधून वजा होतं. आपल्या उदाहरणात दुरुस्तीच्या २ लाख ८० हजारांतून ५६ हजार जातात आणि २ लाख २४ हजारांवरच घसारा मिळतो, तोही सरळ रेषेत, राहत्या भाड्याच्या इमारतीला साडेसत्तावीस वर्षांत आणि दुकान-ऑफिसला ३९ वर्षांत.

इमारत वापरात आल्यापासून पाच वर्षं ती विकू नका आणि स्वतःच्या राहण्यासाठी वळवू नका. पहिल्या वर्षात विकली तर पूर्ण क्रेडिट परत जातं. त्यानंतरच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला परतफेड २० टक्क्यांनी उतरत जाते: ८०, ६०, ४०, २०. या पाच वर्षांत पार्क सर्व्हिसला इमारत येऊन बघण्याचा अधिकार आहे. मंजुरीनंतर परवानगी न घेता एखाद्या खोलीतलं प्लास्टर काढलंत किंवा खिडक्या बदलल्यात, तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. त्यामुळे भाडेकरूच्या करारात "मालकाच्या लेखी संमतीशिवाय खिडक्या, दारं, भिंती यांत बदल करायचा नाही" हे कलम घाला आणि मंजुरीची पत्रं, सगळी बिलं, आधीचे-नंतरचे फोटो शेवटचं क्रेडिट वापरून होईपर्यंत, आणि त्यानंतर ऑडिटची मुदत संपेपर्यंत, दोन ठिकाणी जपून ठेवा.